रोज दुपारी एक ते दोन

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. आज रिकाम्या आंब्याच्या पेट्यांमागे पडून आहे, पण २००६ साली कणकवलीहून टेम्पोतून मालवणकडच्या एका मच्छीमार सोसायटीत आलो, तेव्हा माझ्यापुढे नारळ फुटला होता. सगळ्या होड्यांच्या नोंदी माझ्या पोटात होत्या. शेजारी डिरेक्टरी सर्व्हर होता. नोंदींना हात लावायची परवानगी कोणाकोणाला, ती यादी त्याच्याकडे. त्याला विचारल्याशिवाय माझं पान हलत नसे.

माझी देखभाल नम्रताकडे होती. कंत्राटी नोकरी, मार्चअखेर मुदत संपणारी. घरी सात महिन्यांची मुलगी. जेवणाच्या सुट्टीत ती तिला पाजायला धावत जाई. त्याच वेळी मी नोंदींची साफसफाई करायचो.

जानेवारीपासून माझ्या लॉगमध्ये, म्हणजे रोजनिशीत, एकच ओळ येऊ लागली : एक वाजून पाच मिनिटं, डिरेक्टरी सर्व्हरशी संपर्क नाही. साफसफाई अर्धवट राही आणि नोंदी बिघडत. नम्रताने वायर बदलली, पत्ता तपासला, पासवर्ड पुन्हा घातला. ती परत येई तेव्हा सगळं सुरळीत असे.

शेवटी एक दिवस ती घरी गेली नाही. एक वाजता रोजच्या भारनियमनामुळे वीज गेली. शिपाई गणपत उठला, त्याने बॅटरीवर चालणाऱ्या यूपीएसवरचा डिरेक्टरी सर्व्हरचा प्लग काढला आणि तिथे सातेरीदेवीच्या फोटोपुढचा लाल दिवा लावला.

"गणपतकाका, रोज तुमीच काढतास हो प्लग?"

"मगे दुसरो कोण? लाइट गेली म्हणान देवी काळोखात रवतली? तो डबो तासभर निजलो तर मराचो नाय गो."

ती हसली. किती दिवसांनी हसली होती. तशीच सोसायटीच्या साहेबांकडे गेली आणि पाहिलेलं सगळं सांगितलं.

साहेबांनी लॉगचा कागद पुढे ओढला. "जिल्हा कार्यालयाला काय लिहू मॅडम? देवीच्या दिव्याने सर्व्हर बंद पडला? या वेळा बघा. रोज एक ते दोन. तेव्हा तुम्ही कुठे असता?"

"घरी. मुलीला पाजायला."

"तेच तर म्हणतोय मी."

गणपत दारातच उभा होता. तो हळूच मागे सरला.

अहवालात 'देखरेखीच्या वेळी कर्मचारी गैरहजर' असं लिहिलं गेलं. पुरावा म्हणून माझाच लॉग जोडला. एप्रिलमध्ये नम्रता आली नाही.

तिच्या जागी निकेत आले. ते डबा माझ्यासमोरच बसून खायचे. तरी एक वाजून पाच मिनिटांनी तीच ओळ येत राहिली. आता मात्र वेळा कोणी पाहिल्या नाहीत. वर्षभराने मलाच नादुरुस्त ठरवून इथे आणून टाकलं.

मित्रांनो, माझ्यासारखं यंत्र वेळ लिहितं, प्लग काढणारा हात लिहीत नाही. तो हात पाहिलेलं माणूस समोर उभं असेल, तर कागद बाजूला ठेवा आणि त्याचं ऐका. माझा कागद खरा होता, आणि त्याच खऱ्या कागदाने तिची नोकरी घालवली.