तळ्यातली निवटी

जालन्याच्या पोरीनं समुद्र शिकायला जावं, यावर गावाला दोन वर्षं हसू पुरलं. दीपमाला समुद्रकाठच्या विद्यापीठात सागरी पर्यावरण शिकत होती. सुट्टीत आली की सरपंच रामकिसन ठरल्यासारखं विचारायचे, "काय मंग, आपल्या पाझर तलावाला भरती कवा येनार?" माणसं टाळ्या देऊन हसायची. दीपमालाला राग यायचा, आणि ती तो लपवायचीही नाही.

या खेपेला गोष्ट हसण्याची नव्हती. गायरानावर रसायनांचा कारखाना यायचा होता आणि त्याचं सांडपाणी तलावाच्या अंगानं जाणार होतं. गावच्या सगळ्या विहिरी त्याच तलावावर जगतात. आजच्या जनसुनावणीत पक्की हरकत नोंदली गेली नाही, तर पुढे कोण विचारणार होतं?

शाळेच्या मैदानात मंडप घातला होता. कंपनीच्या सल्लागारानं गोड आवाजात मराठी सारांश वाचला. तीन ऋतूंत तलावाची पाहणी केली, जपण्यासारखं काही आढळलं नाही, वगैरे. मूळ अहवाल चारशे पानांचा, इंग्रजीत, महिनाभर पंचायतीत धूळ खात पडला होता. दीपमालानं तो मांडी ठोकून वाचला होता. माशांच्या यादीतलं एक लॅटिन नाव बघून ती आधी खो खो हसली, मग तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ती उठली. "साहेब, यादीत सातव्या नंबरला निवटी हाय. खाडीच्या चिखलावर उड्या मारनारा मासा. त्याला खारं पानी लागतं, भरती-ओहोटी लागते. आमच्या तळ्यात तुम्हाला कुठं घावला? आन् झाडांत तिवर लिहिलंय. खाडीतलं झाड ते. इथं बाभळी हायत."

मंडप खदखदला. सल्लागार कसनुसा हसला. "टायपिंगची चूक आहे. दुसऱ्या अहवालातलं पान आलं. बदलून देऊ."

"मंग आमच्या तळ्याचं पान दाखवा."

तो पानं उलटत राहिला. पान असतं तर सापडलं असतं.

"बस आता, बाई," रामकिसन पुटपुटले, "साहेबांचं जेवन थांबलंय."

"थांबू द्या, काका."

सुनावणी घेणारे अधिकारी म्हणाले, "तुमची हरकत नोंदवली आहे."

"काय नोंदवली, वाचून दाखवा."

कारकुनानं वाचलं, "एका विद्यार्थिनीने टंकलेखनाच्या चुकीकडे लक्ष वेधले."

दीपमाला सरळ टेबलापाशी गेली. "चूक हा शब्द खोडा. लिहा, तलावाची पाहणी झालेलीच नाही. खोडल्याबिगर मी इथून हलनार न्हाई."

"तुम्ही समुद्राचं शिकता ना?" सल्लागार चिडला. "इथलं तुम्हाला काय कळतं?"

"समुद्राचं शिकले म्हनून तर तुमची चोरी कळली!"

आता कोणी हसलं नाही. मागच्या रांगेतून कौसल्या मावशी ओरडली, "लिवा की वो!" आणि बायांनी तोच हेका धरला. अधिकाऱ्यांनी कारकुनाकडे बघून मान हलवली. शब्द खोडला गेला. दीपमालानं नवी ओळ माईकवर मोठ्यानं वाचली आणि अधिकाऱ्यांची सही होईपर्यंत तिथून हलली नाही.

"झालं समाधान?" सल्लागारानं बॅग आवरत विचारलं.

"न्हाई. आता खरंच तळ्यावर या, पाहनी करा. तीन ऋतू म्हंजे वरीस लागंल. दर बारीला मी हजर राहीन, मोजताना तुमच्या शेजारी उभी."