सरांचा आठ पानी बायोडाटा

अ‍ॅडव्होकेट गंगाधर सरांचा बायोडाटा आठ पानी होता. त्यात साताऱ्याच्या एका बँकेची पंधरा वर्षांची वकिली होती, दोन हजार सर्च रिपोर्ट होते आणि गळ्यात हार घातलेला एक फोटोही होता. यातले गेल्या सहा वर्षांचे सगळे सर्च त्यांच्या ज्युनिअरने, अश्लेषाने केलेले आणि त्याआधीचे तिच्या आधीच्या ज्युनिअरांनी. कर्ज मागणाऱ्याची जमीन खरंच त्याची आहे का, हे बघायला ती सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत तीस-तीस वर्षांची पुस्तकं चाळायची. सर फक्त सही करायचे. सहीसुद्धा अशी झोकात, की बघणाऱ्याला वाटावं, धूळ यांनीच खाल्ली.

१९९६ साली सांगलीत, विश्रामबागेत एका मोठ्या बँकेचं ऑफिस आलं, त्यांना वकील हवा होता आणि सरांच्या तोंडाला पाणी सुटलं.

"मला सांगली मिळाली की साताऱ्याच्या बँकेत माझ्या जागी तुझं नाव सुचवतो," ते अश्लेषाला म्हणाले.

तिला तेवढंच हवं होतं. स्वतःच्या कामाखाली स्वतःची सही. म्हणून ती फायली उचलून मुलाखतीला सोबत गेली.

बँकेच्या साहेबांनी बायोडाटा बाजूला सारला. "गट नंबर माहीत आहे, मालकाचं नाव नाही. कुठला इंडेक्स बघाल?"

सरांनी छताकडे पाहिलं. मग चष्मा पुसला. या गृहस्थाने इंडेक्सचं पुस्तक कधी उघडलंच नव्हतं! मग ते एकदम प्रेमळ हसले. "अश्लेषा, सांग बघू साहेबांना."

गप्प बसावं, होऊ दे फजिती, असं तिला फार वाटलं. पण साताऱ्याची बँक डोळ्यांपुढे आली. "इंडेक्स दोन, तो जमिनीवरून लावलेला असतो. एकमध्ये नावं असतात."

"वा! ज्युनिअरला छान तयार केलंय तुम्ही," साहेब खूश झाले आणि सरांचं नाव तिथल्या तिथे पक्कं झालं.

परतताना दोघं उंब्रजला चहाला थांबले. सर भज्यांवर ताव मारत म्हणाले, "साताऱ्याला आमच्या पुष्करचं नाव दिलंय हं, गेल्याच आठवड्यात. पोरगा नुकता वकील झालाय. तू आहेसच, शिकव त्याला."

अश्लेषाला आयुष्यात इतका राग आला नव्हता, आणि त्यातला निम्मा स्वतःवरच होता. तिने फायलींचा गठ्ठा भज्यांच्या बशीशेजारी आदळला.

"उद्यापासून मी येणार नाही, सर."

ती रस्त्यावर जाऊन एस.टी.त चढली, तसे सर तोंडातला घास सावरत मागे धावले.

"अगं, सोमवारी कराडचा सर्च आहे! तिथली कचेरी कुठे आहे, तेवढं तरी सांगून जा!"