माझ्या गादीखालचे पत्र

मित्रांनो, एका पत्राला उत्तर द्यायचे राहून गेले होते, तिथून मी सुरुवात करते. ते पत्र मला आलेले नव्हते. खुर्चीला कोण पत्र लिहिणार? पण साडेसात महिने ते माझ्या गादीखाली पडून होते. आठवले की अजून राग येतो. तो नीट सांगता येईल याची मला खात्री नाही. जन्मभर दुसऱ्यांची पुस्तके ऐकली, स्वतःचे सांगायची ही पहिलीच वेळ. चुकले तर सांभाळून घ्या.

मी एक जुनी, उंच पायांची खुर्ची आहे. समुद्रापलीकडच्या एका बेटावरच्या तांबोरिल गावातल्या चिरुटांच्या एका कारखान्यात मी तेवीस वर्षे काढली. लेओकादियो सुताराने मला महोगनीच्या लाकडातून घडवले आणि पाय मुद्दाम लांब ठेवले, कारण माझ्यावर बसणाऱ्याचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जायला हवा होता. चिरूट वळणाऱ्यांचे हात दिवसभर गुंतलेले असतात, कान मात्र मोकळे. म्हणून एक माणूस त्यांना वाचून दाखवतो, सकाळी वर्तमानपत्र आणि दुपारी कादंबरी. कोणती कादंबरी, हे वळणारेच हात वर करून ठरवतात. वाचन आवडले की पान कापायचे पाते फळीवर ठकठक वाजवतात. नाही आवडले तर पाते जमिनीवर टाकतात. वाचणाऱ्याला त्याहून मोठा अपमान नाही.

माझ्यावर बसत ते दॉन तेओफिलो; दॉन म्हणजे आमच्याकडचे 'राव'. इतका लाजरा माणूस मी दुसरा पाहिला नाही. सकाळचा नमस्कारसुद्धा ते जमिनीकडे बघून करीत. पुस्तक तोंडासमोर धरले की मात्र त्यांचा आवाज कुठून येई कोण जाणे. मग संध्याकाळी उतरताना माझ्या हातावर थोपटून पुटपुटत, "आज बरं झालं का गं?"

माझी गादी एर्सिलियाने शिवली. पहिल्या बाकावरची, हातात सगळ्यांत सफाई असलेली बाई. पोत्याचे कापड आणि आत तंबाखूच्या पानांच्या शिरा. गादी घालताना ती म्हणाली होती, "हाडं टोचतात म्हणून गोष्ट मधेच सोडून उठायचं नाही हं, दॉन तेओफिलो."

दर शनिवारी माझ्या हातावर एक टोपी टांगलेली असे. जाता जाता जो तो तिच्यात काहीतरी टाकी. वाचणाऱ्याला मालक काही देत नसे, आणि तेच बरे होते. दॉन तेओफिलो वळणाऱ्यांचे होते.

पुढे तांदूळ, घेवडा, हिरवी केळी, सगळे महागत गेले आणि मजुरी जागची हलेना. आमच्यासारख्या कारखान्यांसाठी कायद्यातच किमान मजुरी वेगळी आहे, आणि ती इतरांहून कमी. का, ते इतकी वर्तमानपत्रे ऐकूनही मला कळलेले नाही. एर्सिलियाच्या डब्यातून आधी मांस गेले, मग घेवडा गेला, शेवटी पातेल्याच्या बुडाची भाताची खरपुडी तेवढी उरली. एका शनिवारी टोपीसमोरून जायला नको म्हणून ती मागच्या दाराने बाहेर पडली. दॉन तेओफिलोंनी ते पाहिले आणि त्या दिवशी मला काही विचारले नाही.

मालक दॉन रामिरो यांच्याही ते लक्षात आले असावे. गरिबांवर भार कशाला, वाचणाऱ्याचा पगार यापुढे मीच देतो, असे ते म्हणाले. दॉन तेओफिलोंनी ओल्या डोळ्यांनी मान हलवली. टोपी खाली उतरली. मित्रांनो, अशी चूक चांगल्या माणसाच्याच हातून होते.

दोन महिन्यांनी ते पत्र आले. मजुरी ठरवणाऱ्या समितीने राजधानीतून पाठवले होते. किमान मजुरी वाढवावी की नाही, हे तिला कामगारांकडून ऐकायचे होते. पत्र सर्वांना वाचून दाखवावे आणि त्यांचे म्हणणे लिहून पाठवावे, असे त्यात होते. त्याच सकाळी मालकांनीही एक कागद दिला. मजुरी वाढली तर कारखाना दुसऱ्या देशात हलवावा लागेल, असा त्याचा मजकूर.

दॉन तेओफिलोंच्या एका हातात पत्र होते, एका हातात कागद. त्यांनी कागद वाचला.

"कारखाना जाणार म्हणे," मधल्या बाकावरून मिल्सियादेस म्हणाला. "माझ्या आईच्या वेळेपासून जातोय. अजून फाटकापर्यंत पोचला नाही."

पहिले पाते एर्सिलियाचे पडले. मग एकामागून एक सगळी. दॉन तेओफिलो खाली उतरले आणि कोणाचे लक्ष नाही असे पाहून त्यांनी समितीचे पत्र माझ्या गादीखाली सरकवले.

तेव्हापासून मी जळत होते. माझ्यावर बसून ते रोज प्रेमाच्या नि शौर्याच्या गोष्टी वाचत, आणि खाली एका पत्राचे धाडस दबून पडलेले. मी अर्थशास्त्र शिकलेली नाही. मजुरी वाढली तर एखादा कारखाना बंद पडतही असेल, मी पैज लावणार नाही. पण एर्सिलियाने वळलेला चिरूट दूरदेशी कोणी जेवणानंतर शांतपणे ओढतो, आणि तिच्या आईच्या ताटात घेवडा नाही, याला हिशेब म्हणतात हे मला मान्य नाही. निदान तिला विचारा तरी. विचारले होते, आणि तो प्रश्न मीच बुडाखाली घेऊन बसले होते.

मग एके सकाळी वर्तमानपत्रात निकाल आला. ओळ गाळायची नाही हा दॉन तेओफिलोंचा एकुलता एक अभिमान, म्हणून त्यांनी तो वाचला. मजुरी आहे तशीच राहील. चिरूट कामगारांकडून काहीच म्हणणे आले नाही.

"आमचं म्हणणं आलं नाही?" एर्सिलियाने विचारले. "आम्हाला विचारलं कुणी?"

त्यांनी पान उलटले.

नऊ दिवसांनी एर्सिलियाने काम सोडले. अंथरुणाला खिळलेली आई शेजारणीच्या हवाली करून ती राजधानीत कुणाच्या तरी घरी राहून धुणीभांडी करायला निघाली होती. बस दुपारची होती. जाण्यापूर्वी ती माझ्याकडे आली.

"उठा, दॉन तेओफिलो. गादी माझी आहे. पगार मालक देतो, गादीही त्यालाच मागा."

तिने गादी ओढली आणि पत्र खाली पडले. तिला वाचता येते. शिक्का बघितला, कारखान्याचे नाव बघितले, तारीख बघितली. ओरडली नाही. पत्र त्यांच्या हातात दिले.

"वाचा. तुमचं कामच आहे ते."

त्या दिवशी तोंडासमोर पुस्तक नव्हते. ते अडखळले, दोनदा थांबले, पण शेवटपर्यंत वाचले. शेवटी एक ओळ होती: निकालानंतर पंधरा दिवस हरकत ऐकून घेतली जाईल. सहा दिवस उरले होते.

दॉन रामिरो धावत आले. माझ्या पगारावर माझ्याच विरुद्ध वाचता काय, असे म्हणाले.

"मग... मग पगार नको," दॉन तेओफिलो म्हणाले. फार हळू म्हणाले, पण शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेले असावे, कारण तिथूनच पहिले पाते फळीवर वाजले.

आम्हा दोघांना रस्त्यावर काढले. फरफटताना माझा एक पाय मोडला. जेवणाच्या सुट्टीत वळणारे बाहेर आले, मिल्सियादेसने पायाखाली वीट सरकवली आणि दॉन तेओफिलो माझ्यावर बसून लिहू लागले. पहिले वाक्य त्यांचे स्वतःचे होते: हे पत्र उशिरा येत आहे, दोष वाचणाऱ्याचा आहे. पुढचे सगळे वळणाऱ्यांचे. कोणी डब्यात काय आहे ते सांगितले, कोणी पोराच्या शाळेचे. मिल्सियादेस म्हणाला, लिहा की कारखाना गेलाच तर आम्ही फाटकापर्यंत पोचवायला येऊ. तेही लिहिले.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे माझ्यासारख्यांनी शेवटी सांगायचे असते. मला जपू नका. वीट पुरेशी आहे. पण ज्यांचे हात गुंतलेले आहेत त्यांच्या नावाचा कागद तुमच्याकडे आला, तर त्यावर बसू नका.

टपाल कचेरी समोरच आहे. खिडकी मला दिसत होती. एर्सिलिया पाकीट घेऊन रांगेत उभी राहिली, आणि तिची बस तिच्या पाठीमागून निघून गेली. पुढची बस ती पकडेल की नाही, मला ठाऊक नाही. खिडकीतल्या बाईने पाकीट घेतले, उलटे करून पाहिले आणि त्यावर शिक्का मारला. ठक.

रस्त्याच्या अलीकडे सगळ्यांनी तो आवाज ओळखला.