फिट

"अहो, डॉक्टरांना सांगणार आहात ना?"

"हळू बोल. भिंतीला कान असतात," हे म्हणाले आणि शर्टाची बटणं काढत पडद्याआड गेले.

मी बाकावर चुळबुळत बसले. 'फिट' हा शब्द तसा आमच्या घरचाच. लग्न झालं तेव्हा हे फिटर होते. मी लोकांचे कपडे फिटिंग करून देते. हे क्रेन चालवायला लागल्यापासून दरवर्षी कंपनीचा डॉक्टर यांना फिट ठरवतो, तेव्हा कुठे आमची चूल पेटते. मागच्या आठवड्यात मात्र तोच शब्द न सांगता न विचारता घरात शिरला. दाढी करता करता हे कोसळले. हातपाय ताठ, तोंडाला फेस. माझ्या मामाला फिट यायची, त्यामुळे मला विचारावं लागलं नाही कुणाला. शुद्धीवर आल्यावर यांचं पहिलं वाक्य काय, तर "कुणाला बोलू नकोस."

पडद्याआडून डॉक्टरांचा आवाज आला. "चक्कर, फिट, असलं काही?"

"छे! काही नाही."

"मग एकदम फिट आहात."

बोलावं तर संसार उघड्यावर, न बोलावं तर कुणाच्या तरी जिवाशी खेळ. मी बाकावरून उठले, पुन्हा बसले, आणि स्वतःचाच राग राग करत राहिले.

हे बाहेर आले तर भाऊजी दारातच. म्हणजे यांचे दोस्त. हे वर केबिनमध्ये आणि भाऊजी खाली उभे राहून हातानं खुणा करणार, अशी वर्षानुवर्षांची जोडी.

"पास झाला ना वहिनी? सुटलो बाबा! दुसरा कुणी क्रेनवर असला की डोक्यावरून माल जाताना माझी मान वर. हा असला की बघतसुद्धा नाही मी."

हे हसले. पण शर्टाचं शेवटचं बटण काही लागेना. दोनदा निसटलं. मग तसेच वळून पुन्हा पडद्याआड गेले.

"साहेब, मघाशी खोटं बोललो. मला फिट आली होती."

मला रडू फुटलं. उद्याची भीती वाटत होती आणि माझा नवरा कधी नव्हे इतका आवडला होता.

दुपारी सामान आणायला साइटवर गेलो. यांची उशी आणि डबा वर केबिनमध्येच होता. यांनी सवयीनं शिडीवर पाय ठेवला. भाऊजींनी दंड धरला.

"मी आणतो."

"गाढवा, तुला उंचीची भीती वाटते."

"वाटते. मग?"

भाऊजी एकेक पायरी चाचपत चढले. शिडी बोल्टनं काँक्रीटमध्ये घट्ट बसवलेली, हत्तीनं ढकलली तरी हलायची नाही. तरी ते खाली येईपर्यंत यांनी ती दोन्ही हातांनी धरून ठेवली.