दोष भिंगाचाच

मी दुर्बीण बोलतेय. माझा आवाज जरा घोगरा वाटेल, कारण माझ्या सांध्यांत वाळू आहे. सौदीच्या वाळवंटाला लागून असलेल्या उनैझा गावात इतकी वर्षं काढल्यावर कुणाच्याही सांध्यांत ती असतेच.

जन्म माझा जपानमधल्या कारखान्यात झाला म्हणतात, मला काही आठवत नाही. आठवतं ते बाजारातलं दुकान, आणि मला उचलून पैसे न देताच दाराबाहेर निघालेला एक तरुण मास्तर. दुकानदार ओरडत मागे धावला. मास्तर रस्त्याच्या मधोमध उभे राहून मशिदीच्या मनोऱ्यावरचं कबूतर बघत होते. "अरे, ह्याचे डोळे लाल आहेत!" एवढंच म्हणाले. ते मुक्बिल मास्तर. त्या दिवसापासून मी त्यांची झाले.

त्यांचं घर गावाच्या शेवटच्या गल्लीत. गच्चीची भिंत संपली की वाळू सुरू. पहाटेच्या नमाजानंतर कहव्याचा पेला घेऊन ते गच्चीवर यायचे आणि रात्री वाळूवरून कोण कोण फिरून गेलं ते माझ्यातून वाचायचे. ही खोकडाची पावलं, हा सांडा, जाड शेपटीचा सरडा, बिळातून डोकं काढून उन्हाची वाट बघतोय. हिवाळ्यात पाऊस पडून अरफजची झुडपं पिवळ्या फुलांनी भरली, की शाळा सुटल्यावर परस्पर पिकअप काढायची. मग कुठेतरी थांबायचं, इंजिन बंद करायचं, खिडकीवर कोपर टेकवायचं आणि तासन्‌तास बघत राहायचं.

त्यांची बायको तर्फा शेजारी बसून खजुराच्या बिया बाहेर भिरकवायची. "अहो जवाहिरचे बाबा, दोन कोसांवरचा खोकड दिसतो, आणि शेजारी बसलेली बायको नाही दिसत?"

एकदा तिने मला हिसकावून डोळ्यांना लावलं.

"अगं, उलटी धरलीस!"

"मुद्दामच. इथून तुम्ही केवढेसे दिसता. बरं वाटलं जिवाला!"

दोघं इतकी हसली की पिकअप हलली.

तर्फा गेली त्याला सात वर्षं झाली. लेक जवाहिर रियाधला नोकरी करते, महिन्यातून एकदा येते. घरात उरलो मास्तर आणि मी. दोघंही एकटे, पण एकमेकांशी बोलायची सोय नाही.

मग माझं भिंग पुसणं सुरू झालं. डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने सारखं पुसायचे. "धुकं धरलंय हिने." शेवटी मला दुकानात नेलं. जुन्या दुकानदाराचा मुलगा आता गल्ल्यावर बसतो. त्याने मला उजेडात धरलं.

"काका, भिंग लख्ख आहे. डोळे तपासून घ्या."

"माझे डोळे ससाण्याचे आहेत! तुला काम जमत नाही असं सरळ सांग ना."

मला ते फार लागलं. चाळीस वर्षांत मी त्यांना एकदाही खोटं दाखवलं नव्हतं. पण त्यांचंही मला कळत होतं. डोळे गेले असं कबूल केलं, की गाडीची किल्ली जाणार. किल्ली गेली की वाळवंट जाणार. त्याशिवाय त्यांच्याकडे उरलं होतं काय?

गेल्या हिवाळ्यात चांगला पाऊस झाला. जवाहिर आलेली होती. मास्तरांनी हौसेने पिकअप काढली आणि मळलेली वाट सोडून थेट मऊ वाळूत घातली. चाकं रुतली. "वाट बदललीय इथली," ते म्हणाले. जवाहिरने टायरांतली हवा कमी केली, स्वतः स्टिअरिंगवर बसून गाडी बाहेर काढली, आणि मग ती तिथून उठलीच नाही.

थोडं पुढे गेल्यावर मास्तर ओरडले, "थांब पोरी! हरणं! तीन हरणं!"

घाईघाईने मला डोळ्यांना लावून त्यांनी पोटभर बघून घेतलं. मग त्यांनी मला तिच्या हातात दिलं. "बघ. भिंग खराब आहे, तरी दिसतात."

मी तिला जे होतं तेच दाखवलं. चाऱ्याची तीन रिकामी पोती झुडपाला अडकून वाऱ्यावर हलत होती. त्यांची शिवणसुद्धा दिसत होती.

"दिसली ना?"

"दिसली, बाबा."

"मधलं पिल्लू आहे, नाही का?"

"हो. मधलं लहान आहे."

तिच्या पापण्या माझ्या काचेला ओल्या लागल्या.

दुसऱ्याच दिवशी तिने त्यांना दवाखान्यात नेलं. डोळ्यांची नस सुकलीय, यायला उशीर केलात, असं डॉक्टर म्हणाले. घरी येऊन मास्तर म्हणाले, "डॉक्टरला काय कळतंय! दोष भिंगाचाच." जवाहिरने एकदा माझ्याकडे पाहिलं. "हो बाबा, भिंगच गेलंय." मग किल्ली आपल्या पर्समध्ये टाकून ती रियाधला गेली.

मला तिचा राग आला होता. आता नाही. आळ माझ्यावर आल्याने त्यांचे डोळे शाबूत राहत असतील, तर राहू देत.

आता मास्तर रोज गच्चीवरच असतात. मागच्या वेळी जाताना जवाहिरने माझ्या भिंगांवर झाकणं बसवली, वाळू जाऊ नये म्हणून. ती अजून तशीच आहेत. मास्तर मला तशीच डोळ्यांना लावतात आणि मोठ्याने सांगत बसतात: खोकड आला, चंडोल उडाला, अरफज काय फुललाय! मला नुसता काळोख दिसतो. ऐकायला गच्चीवर कुणी नसतं.

कधी त्या गल्लीतून गेलात, तर झाकणांचं त्यांना सांगू नका. हसूही नका. क्षणभर थांबा आणि खालून नुसतं विचारा, "मास्तर, आज काय दिसतंय?"