बिबट्याच्या खड्ड्यातली शेळी

दुपारी बरोबर अडीच वाजता या देशाचा इतिहास बदलणार होता. तसं निमंत्रणपत्रिकेवरच छापलं होतं, सोनेरी अक्षरांत. दोन वाजून पाच मिनिटांनी असं लक्षात आलं की इतिहास जिथे बदलायचा, नेमक्या त्याच जागी एक म्हातारी बुटक्या स्टुलावर बसून उकडलेलं रताळं खाते आहे.

वर्षभर नुसती लाल माती उपसून झाली होती. आज पहिल्यांदा तांब्याच्या खडकाला सुरुंग लागायचा होता. खाणीच्या तळाशी एकशे ऐंशी भोकं पाडून त्यांत दारू भरून तयार होती. समोरच्या टेकाडावर मंडप, मंडपात मंत्री, मंत्र्यांपुढे लाल बटण. बटण कशालाही जोडलेलं नव्हतं. हे मंत्र्यांना सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

"कोण आहे ती?" व्यवस्थापक हॅलिडेसाहेबांनी दुर्बीण लेमेक कातोंगोच्या हातात दिली.

लेमेक कंपनीचा गावसंपर्क अधिकारी होता. म्हणजे गावाची गाऱ्हाणी त्याने कंपनीकडे न्यायची आणि कंपनीचं हसू गावाकडे आणायचं. नोकरी तात्पुरती, मुदत महिनाअखेर संपत होती. कायम करण्याचा कागद साहेबांच्या फायलीत सहीवाचून पडला होता. लेमेकने दुर्बीण डोळ्याला लावली आणि लगेच काढली.

"बाना दोरिका," तो म्हणाला. "दोरिकाची आई. शेळी कुळातली."

"हेल्मेट घातलंय तिनं!"

"फाटकावरचा रखवालदारही शेळी आहे, साहेब. त्यानं दिलं असेल. नियम पाळणारा माणूस आहे."

"वीस मिनिटं देतो. भरलेली भोकं रात्रभर ठेवता येत नाहीत, आणि मंत्र्यांचं हेलिकॉप्टर चारला उडतं. ती बाहेर आली नाही, तर सोमवारी तुझं कार्ड फाटकावर चालणार नाही."

जीप उतरणीला लागली, तेव्हा लेमेकला कार्डापेक्षा एक जुना फॉर्म जास्त आठवत होता. ही जमीन बिबट्या कुळाची. लेमेकही बिबट्याच, कूळ आईकडून येतं, त्यामुळे त्याचा मामा योटामही बिबट्या. खाणीसाठी गेल्या वर्षी इथल्या एकोणीस कबरी हलवल्या, त्यांत मामाची होती. आता लांबा लोकांच्या मुलखात बिबट्या मेला, किंवा त्याची कबर हलवली, की खड्डा शेळ्यांनी खणायचा, ही रीत आहे. खणून झाल्यावर एखादी शेळी त्या खड्ड्यातच बसकण मारते आणि मेलेल्याची पोटभर निंदा करते. बिबट्यांनी चिडायचं नाही. उलट टोले द्यायचे, हातावर काहीतरी ठेवायचं आणि तिला वर काढायचं. मगच मेलेला खरा पुरला गेला.

कबरी हलवण्याच्या फॉर्मवर शोक करणाऱ्यांसाठी रकाना होता, धर्मगुरूसाठी होता, कोंबड्यांसाठीसुद्धा होता. निंदा करणाऱ्यांसाठी नव्हता. शेवटी 'इतर विधी' म्हणून एक ओळ होती, तिच्यापुढे लेमेकने एकोणीस वेळा 'लागू नाही' असं लिहिलं आणि फॉर्मांना टाचण्या लावल्या. टाचण्या तो एका पितळी डबीत ठेवी. डबी मामाची, तपकिरीची. मामाकडून त्याला मिळालेली ती एकच वस्तू.

जीपमधून उतरून त्याने वॉकीटॉकी सावरला. "नमस्कार, आजी. आपण सुरक्षित क्षेत्रात यावं, अशी कंपनीची नम्र विनंती आहे."

बाना दोरिकाने रताळ्याचं साल त्याच्या बुटांवर टाकलं. "कोण बोललं हे? मांजर बोललं की कागद बोलला?"

"आजी, वर मंत्री बसलेत."

"बसू देत की. मीही बसलेच आहे."

"इथे स्फोट होणार आहे."

"व्हायलाच हवा. एकोणीस बिबटे उचलले आणि एका शेळीला बोलावणं नाही! पांढऱ्या कपड्यांतली माणसं आली, तोंडाला फडकी बांधून, आणि तुझ्या मामाला खोक्यात घालून घेऊन गेली. त्याला कुणी एक शिवी दिली का रे?"

"नाही."

"बघ! जसं काही त्याला या जगात कुणी नव्हतंच. खोक्यावर काय लिहिलं होतं?"

"क्रमांक अकरा," लेमेक म्हणाला. "प्रौढ पुरुष. अपूर्ण."

"अपूर्ण तर होताच तो," म्हातारी म्हणाली, "पण ते सांगायचा मान आमचा."

वॉकीटॉकी खरखरला. "काय मागणी आहे तिची?"

"साहेब, तिला माझ्या मामाची निंदा करायची आहे."

"मामा कुठे आहे तुझा?"

"वारला, साहेब. चौदा वर्षं झाली."

"तिला म्हणावं, दारात बोअरवेल पाडून देतो. हातपंपासकट."

लेमेकने निरोप सांगितला. म्हातारीने टेकाडाकडे हात केला. "तो कोण? शेळी का बिबट्या?"

"दोन्ही नाही."

"मग घरच्या बोलण्यात तोंड कशाला घालतोय?"

"साहेब, त्या म्हणतात, आपण मध्ये बोलू नये."

"निंदेला वेळ किती लागतो?"

"रीतसर म्हटलं तर चाळीस मिनिटं."

"वीसमध्ये बसव."

लेमेकने म्हातारीकडे पाहिलं. ती म्हणाली, "ते तुझ्या हातात आहे. मी बोलायचं आणि तू खांबासारखं उभं राहायचं असेल, तर उद्याची सकाळ उजाडेल. तुझ्या तोंडात जीभ आहे, की नुसती सहीच येते तुला?"

'संतप्त ग्रामस्थांशी संवाद' या विषयावर लेमेकचं तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं होतं. आवाज चढवू नये, हात समोर दिसतील असे ठेवावेत, समोरच्याच्या भावनांचा आदर करावा. लेमेकने कंपनीचं नारिंगी जाकीट काढलं, घडी घालून दगडावर ठेवलं आणि ओरडला, "अगं ए शेळे! आधी दाढीचं रताळं पूस, मग माझ्या मामाचं नाव घे!"

म्हातारीने स्टूल पुढे ओढलं. वर्षभरानंतर कुणीतरी तिच्याशी नीट बोललं होतं.

"आलं, आलं! मांजराला कंठ फुटला! तुझा योटाममामा माझ्या भावाची सायकल मागून न्यायचा, आणि परत काय आणायचा? घंटी!"

"घंटी तरी आणली! तुझ्या नवऱ्यानं मामाचं जाळं नेलं आणि परत दिला एक मासा. त्यालाही डोकं नव्हतं!"

"डोकं नसलेलाच द्यायचा ना! तुमच्यात कुणाला डोकं लागतं कधी?"

रागाच्या भरात लेमेकचा अंगठा वॉकीटॉकीच्या बटणावरच राहिला होता. ही गोष्ट त्याला कळली ती तिसराच आवाज मध्ये पडला तेव्हा.

"डोझर तीन बोलतोय. मीही शेळी. योटाम चर्चमध्ये गायला उभा राहिला की आमचे पाद्री खिडक्या लावून घ्यायचे. बाहेरचे लोक धर्म सोडतील म्हणून. ओव्हर."

"फाटक क्रमांक दोन. लग्नात दोन ताटं जेवायचा आणि नवरीच्या आईला म्हणायचा, मीठ कमी होतं. ओव्हर."

"डंपर सात. मी बिबट्या आहे. मीठ कमीच होतं! ओव्हर."

सुरक्षा अधिकाऱ्याने वहीत नोंद केली : दोन सतरा, सुरुंगाच्या चॅनलवर अनधिकृत शेळ्या. मंडपातल्या टेबलावरही एक वॉकीटॉकी होता. मंत्री तिकडे कान देऊन बसले होते, आणि स्वागतपर भाषण करणाऱ्याने हळू बोलावं असा त्यांनी हात केला.

लेमेक हसत होता. मग हसता हसता थांबला. वर्षभर मामा म्हणजे त्याला एक खोकं आठवायचं, नायलॉनच्या दोरीने बांधलेलं. आता खडबडीत उतरणीवरून घंटी नसलेल्या सायकलवर एक उंच माणूस येत होता, बेसूर गात, वाटेत सगळ्यांना स्वतःच्या तोंडाने 'ट्रिंग ट्रिंग' करत. लेमेकने तोंड फिरवलं. बाना दोरिका उरलेलं रताळं निरखून बघत राहिली. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

"बरं," जरा वेळाने ती म्हणाली, "आता काढ मला वर. हातावर काय ठेवतोस?"

लेमेकने खिसे चाचपले. फाटकाचं कार्ड, पेन, डबी.

"कार्ड नको. त्या फोटोत तू मेल्यासारखा दिसतोस. ती दे."

"ही मामाची आहे."

"म्हणूनच."

त्याने डबी दिली. म्हातारीने ती कमरेच्या कापडात खोचली आणि हात पुढे केला. "झालं. पुरला एकदाचा. उरलेल्या अठरांचं पुढच्या आठवड्यात बघू. आणि स्टूल घे, गुडघा दुखतोय माझा."

इतिहास अकरा मिनिटं उशिरा बदलला. भोंगा वाजला, मंत्र्यांनी बटण दाबलं, तीन सेकंदांनी खाणीचा तळ जागच्या जागी फुगला, खचला, आणि लाल धुळीचा डोंगर उभा राहिला. मंत्री बराच वेळ स्वतःच्या बोटाकडे आदराने बघत होते.

हॅलिडेसाहेब लेमेकपाशी आले. "पुढच्या वर्षी पश्चिमेकडच्या चाळीस कबरी आहेत," ते म्हणाले. "फॉर्मला रकाना लागेल. निंदा करणारे : संख्या. साधारण किती धरायचे?"

"ते मेलेल्याच्या योग्यतेवर आहे, साहेब."

"मग फॉर्म तूच कर." त्यांनी फायलीतून कायम करण्याचा कागद काढला, गुडघ्यावर ठेवून सही केली. दोन पानं होती आणि वारा सुटला होता. "टाचणी आहे?"

लेमेकचा हात खिशात गेला आणि रिकामाच बाहेर आला. ध्वनिक्षेपकावर मंत्र्यांचं भाषण सुरू झालं होतं: तांबं म्हणजे या मातीचं रक्त, आजपासून जगातल्या प्रत्येक तारेत आपला देश धावणार. पहिल्या रांगेत, मंत्र्यांच्याच खुर्चीत बसलेल्या बाना दोरिकाने कमरेची डबी काढली, चिमूट आत घातली आणि बोट चोखत लेमेकला जवळ बोलावलं.

"अरे, यात टाचण्या आहेत," ती म्हणाली. "साहेबाला हव्या तेवढ्या दे. आणि कुणाकडे चिमूटभर तपकीर असली तर बघ जरा."