चक्कीच्या ओट्यावरची टॉकीजची रांग

मी एक खुर्ची नाही मित्रांनो, मी तीन खुर्च्या आहे. एकाच लोखंडी पट्टीवर बसवलेली, दोन शेजाऱ्यांत एकच हात असलेली रांग. वय विचारू नका. माझ्या रेग्झिनच्या भेगा पाहा आणि काय ते समजून घ्या. आज मी आंजी मोठी या गावी हिरालालच्या आटाचक्कीच्या ओट्यावर असते. माझ्या अंगावर ज्वारीचं पीठ असतं, गव्हाचं असतं, मधूनमधून मिरचीचंही. पण माझा जन्म पीठ खायला झाला नव्हता. मी टॉकीजची आहे.

नागपूरच्या एका कारखान्यात माझे पाय ओतले गेले. सुतारानं पाठीला फळ्या लावल्या, बैठकीत स्प्रिंग बसवून काथ्या ठासून भरला आणि वर लाल रेग्झिन ताणून खिळे ठोकले. मग ट्रकमध्ये आडवी घालून मला आर्वीला नेलं. तिथल्या टॉकीजमध्ये मला जमिनीला बोल्टनं आवळलं, आणि पुढची कित्येक वर्षं मी जागची हलले नाही.

तुम्हाला वाटेल, काय नशीब! रोज फुकट पिक्चर! खोटं आहे ते. माणूस बसला की मला पडदा दिसत नसे. पिक्चर मी माणसांच्या अंगावरून ओळखायला शिकले. भुताचा असला की पाय वर यायचे. बाईमाणूस असो की मिशीवाला पैलवान, खालून कोणीतरी तंगडी ओढेल म्हणून सगळे चपला सोडून माझ्यावर मांडी घालायचे. लढाईचा असला की मुठी खाली यायच्या. माझ्या हातांवर दणादण. एकदा एकानं माझी फळीच फोडली. आणि सांगून ठेवते, लढाईच्या पिक्चरला जो सर्वांत जोरात ओरडायचा, तोच इंटरव्हलला समोशासाठी सर्वांच्या पुढे धावायचा. मी पाठ टेकवून घेते, म्हणून माणसं मला मागून चांगली ठाऊक आहेत.

मला दुःख एकाच गोष्टीचं होतं. पिक्चर संपला की दारं उघडायची आणि सगळे भसाभसा बाहेर. कसा वाटला, कुठं भीती वाटली, कोण उगाच मेला, हे सगळं ते बाहेर पानठेल्यावर बोलायचे. मला आत अंधारात ठेवून. इतकी माणसं मी मांडीवर घेतली, पण एकानंही मला सांगितलं नाही की त्याला काय वाटलं.

मग लोक यायचे थांबले. मालकानं आधी पंखे काढून नेले, मग पडदा. छताच्या भोकातून पारवे आले. त्यांनी माझी काय दशा केली ते लहान मुलांना सांगण्यासारखं नाही. उंदरांनी काथ्या उपसला. टॉकीज म्हणजे गावाची शान, असं भाषण याच मालकानं दिलं होतं. त्याच शानेला त्यानं भंगारवाल्याच्या काट्यावर चढवलं. मी विसरले नाही आणि माफही केलं नाही.

भंगारातून मला हिरालालनं उचललं. चक्कीवर दळण घेऊन येणाऱ्यांना बसायला काहीतरी हवं होतं. गिऱ्हाईक आपला डब्बा लायनीत लावायचं आणि माझ्यावर येऊन बसायचं. डब्बा रांग सांभाळायचा, माणूस गप्पा मारायचा. आणि टॉकीजच्या खुर्चीवर बसल्यावर माणूस कशाच्या गप्पा मारणार? पिक्चरच्या! कोणी मोबाइलवर पाहिलेला, कोणी वर्ध्याला जाऊन पाहिलेला. ज्यानं पाहिला त्यानं सांगायचा, बाकीच्यांनी भांडायचं. जे ऐकायला मी आयुष्यभर तरसले, ते मला पिठाच्या धुरळ्यात मिळालं.

हिरालालचा एक नियम होता. त्याला स्वतःला रविवारी पिक्चर पाहायचा असे, म्हणून तो दम देऊन सांगायचा, "देखो भाऊ, शेवट सगळ्यायसमोर सांगाचा नाई. ज्याचा दाना चक्कीत पडला, त्याच्याच कानात सांगाचा." मग दाणा पडला की चक्की घरघरायची, आणि सांगणारा त्या एकाच्या कानाला लागून पूर्ण शेवट बोंबलायचा. शेजारच्याला अक्षर ऐकू जात नसे. असा तो रिवाज.

माझ्या डाव्या खुर्चीवर गुलाब थूल बसायचा. गावच्या पाण्याच्या टाकीवरचे व्हॉल्व उघडायचं त्याचं काम. त्याला लढाईचे पिक्चर प्यारे. उजवीकडे अश्विन, वर्ध्याला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला जाणारा तरणा गडी. त्याला भुताचे.

"भुताच्या पिक्चरमंधी असते काय बे?" गुलाब डिवचायचा. "लाइट जाते अन् पोरगी एकटी तळघरात उतरते. काऊन उतरते? आमच्या घरची लाइट गेली तं आमी आंगनात येतो."

"अन् तुमच्या लढाईत, काका? हिरोची गोळ्यायनं चाळनी होते, तरी भाषन देऊनच मरते. दुश्मनाले एकच गोळी कशी पुरते?"

"दुश्मनाले भाषन लिहून नाई ना देल्लं कोनं!" हिरालाल आतून ओरडायचा, आणि सगळा ओटा हसायचा.

"लेका, लढाईचा पिक्चर पाह्याले छाती लागते," असं म्हणून गुलाब माझ्या हातावर मूठ आपटायचा. मला दुखायचं. पण मित्रांनो, तसं दुखणं आता कुठून आणू?

मग गुलाबचा मुलगा अंकित फौजेत लागला. गुलाबनं ओट्यावर पेढे वाटले. "घ्या हिरालालभाऊ, पोरगं लागलं!" माझ्या रेग्झिनवरही एक पेढा सांडला, मुंग्या आल्या, मला काही वाटलं नाही. ट्रेनिंग झालं आणि अंकितला वर, बर्फाकडं धाडलं.

त्यानंतर अश्विननं लढाईचा एक नवा पिक्चर सांगायला घेतला. खास काकांसाठी पाहून आला होता. बाँब फुटले, टेकडी चढली, झेंडा वर गेला. मी मुठीची वाट पाहत होते. मूठ आली नाही. गुलाबची बोटं माझ्या फाटक्या रेग्झिनमध्ये शिरली आणि काथ्याची एकेक दोरी ओढत बसली. हे फक्त मला कळलं.

"आज भुताचा सांग ना बे," तो मध्येच म्हणाला.

"घ्या! फौजीचा बाप अन् लढाईले भ्यायला!" अश्विन म्हणाला. सगळे हसले. गुलाबही हसला.

"भुताचा बरा राह्यते. भूत पडद्यातच राह्यते लेका, ते घरी फोन नाई करत."

यावर तर आणखीच हसले. तेव्हापासून गुलाब भुताचेच ऐकायचा. कारण कोणी विचारलं नाही. ज्याच्या घरचं कोणी फौजेत गेलेलं नसतं ना, त्याला असले प्रश्न पडतच नाहीत.

आणि तो दिवस आला. वर बर्फ फार पडलं होतं आणि अंकितचा फोन येणं बंद झालं होतं. गुलाबनं ओट्यावर कोणाला सांगितलं नव्हतं. तो येऊन बसला खरा, पण मोबाइल तळहातावर उताणा धरून. मधल्या खुर्चीवर बसलेल्या रत्नदीपचा गहू चक्कीत पडला. हिरालालनं पट्टा चढवला, चक्की घरघरू लागली. अश्विन रत्नदीपच्या कानाला लागला. लढाईचाच पिक्चर होता. गुलाबला ऐकू जाणार नाही, म्हणून त्यानं मोकळ्या मनानं सूर लावला. डोळे मिटून, हात फिरवून, पार रंगात येऊन.

आणि लाइट गेली.

चक्की कण्हत कण्हत थांबली. अश्विन थांबला नाही. त्या शांततेत त्याचं वाक्य विटेसारखं पडलं.

"...अन् मायले फोन येते, का तुमचा पोरगा बर्फात गेला!"

ओट्याच्या पायरीवर सुलोचना उभी होती. गुलाबची बायको, अंकितची आई. कमरेवर ज्वारीचा डब्बा. डब्बा सुटला. ज्वारी साऱ्या ओट्यावर, माझ्या पायांत, पायरीवरून खाली.

"पिक्चर हाय काकू! पिक्चरमधलं सांगून राह्यलो मी!" अश्विनचा आवाज चिरकला.

सुलोचनानं वर पाहिलंच नाही. ती खाली बसली आणि ज्वारी गोळा करू लागली. पीठ, माती, खडे, जे हाताला लागेल ते. गुलाब उठला. त्यानं रिकामा डब्बा घेतला, तिच्या खांद्याला धरून तिला उठवलं आणि एवढंच म्हणाला, "चाल."

ते दोघं रस्त्यानं गेले. ओटाभर माणसं होती. पाय होते सगळ्यांना. कोणी मागं गेलं नाही. माझे पाय लोखंडाचे आहेत, माझी अडचण समजण्यासारखी आहे. यांचे कशाचे होते?

अंकितचा फोन आला. सुखरूप होता, लाइन बंद होती इतकंच. हिरालालनं ओट्यावर ही बातमी दिली तेव्हा अश्विन म्हणाला, "आला ना फोन! मंग आता काय झालं?" तोंडानं असं म्हणाला आणि मान खाली घातली.

काय झालं? गुलाब आमच्या चक्कीवर यायचा बंद झाला, हे झालं. तो बसस्टँडकडच्या दुसऱ्या चक्कीवर डब्बा नेऊ लागला. अश्विन यायचा, पण कोणाला पिक्चर सांगेना. कानात वायरी घालून मोबाइल बघत बसायचा. बाकीचेही तसेच. तिन्ही खुर्च्या भरलेल्या असायच्या आणि तरी माझ्यावर कोणी नसायचं. भुताचा पिक्चर कोणता आणि लढाईचा कोणता, हेसुद्धा मला कळेना, कारण ना पाय वर येत, ना मूठ खाली. माणसं मेल्यासारखी बघत होती. पारव्यांची संगत यापेक्षा बरी होती, ते निदान आपसांत भांडायचे.

अश्विन रोज दोनचारदा बसस्टँडच्या दिशेनं पाहायचा. उठायचा. पुन्हा बसायचा. जा ना रे, मी म्हणायची. तुझ्या ओझ्यानं माझी स्प्रिंग दुखत नाही, तुझ्या उठबशीनं दुखते. पण ओरडायला मला तोंड नाही.

मग एका दुपारी सुलोचना आली. डब्बा न घेता. चक्कीवर बायका माझ्यावर बसत नसत. डब्ब्याजवळ उभ्या राहत, नाहीतर पायरीवर टेकत. सुलोचना सरळ आली आणि गुलाबच्या खुर्चीवर बसली. अश्विननं कानातल्या वायरी काढल्या.

"त्या दिवशी अर्धाच आयकला मी," ती म्हणाली. "पुढं काय होते?"

"कायच्या पुढं, काकू?"

"त्या मायले फोन येते. मंग?"

अश्विन वायरी गुंडाळू लागला. "मंग... झेंडा दाखवते. गानं लागते. संपते."

"माय काय करते, ते नाई दाखवत?"

"नाई."

"मंग कायचा शेवट झाला तो? तिचं तं तिथून सुरू होते."

आत हिरालालनं चक्की बंद केली. लाइट होती, दाणा होता, तरी बंद केली.

"काकू, चुकलं माह्यं," अश्विन म्हणाला.

"माह्या लेकाचा फोन आला, म्हून मी आज बोलून राह्यली. नसता आला तं तोंड नसतं उघडलं." तिनं पदरावरचं पीठ झटकलं. "तुया काका तुयावर नाई रागावला रे. सोतावर रागावला. इतके वर्स मुठी आपटल्या म्हनते, कोनाकोनाच्या पोरायवर आपटल्या म्हनते. टीव्हीचा आवाज बंद करून एकटा बसून राह्यते. संध्याकाळी घरी येजो. भुताचा सांगजो त्याले."

"येतो, काकू."

"अन् दारातून परत नको जाऊ. तो 'कोन आहे' म्हनून खेकसन. खेकसू देजो."

अश्विन गेला. त्या संध्याकाळी गेला, आणि आता रोज जातो. रत्नदीपही जातो. गुलाबच्या अंगणात खाट टाकून बसतात म्हणे. हिरालाल परवा सांगत होता की गुलाबचा आवाज पार टाकीपर्यंत आला, "तळघरात काऊन जाते बे ते, काऊन जाते!" हे सगळं मी ऐकीव सांगते आहे. मी तिथं नाही. अंगणात मला कोण नेणार? त्यांचं भलं झालं आणि माझा ओटा ओस पडला. मला आनंद झाला का? झाला. राग आला का? तोही आला. मी खोटं बोलत नाही, हे तुम्हाला एव्हाना कळलंच असेल.

आता एक बकरी येऊन माझा उरलेला काथ्या खाते. हिरालाल मला मधूनमधून फडक्यानं झटकतो. मित्रांनो, जुन्या वस्तू पुसून ठेवल्या म्हणजे जपल्या, असं समजू नका. त्यांच्यावर बसा. एकट्यानं नको, जोडीनं बसा, आणि कानातल्या वायरी काढून बसा.

पिक्चर खुशाल पाहा. भुताचे पाहा, लढाईचे पाहा, आवडला का नाही यावर गळा बसेपर्यंत भांडा. फक्त लढाईच्या पिक्चरला टाळी वाजवण्याआधी शेजारच्या खुर्चीवरचे हात पाहून घ्या. ते हात नुसतेच काथ्या उपसत असतील, तर तुमची टाळी खिशात घाला. आणि कोणी मधूनच उठून गेलं, तर बसून राहू नका, त्याच्या मागं जा. पिक्चर पुन्हा लागतो. माणूस दुसऱ्या चक्कीवर जातो.